समोरून गोळ्या येत असताना सैनिक रांगेत का उभे राहायचे?

अठराव्या शतकातली लढाई पडद्यावर पाहताना एक प्रश्न हमखास येतो. लाल-निळे डगले, छातीवर पांढरे पट्टे, ढोल वाजतोय, आणि पाचशे-हजार माणसं खांद्याला खांदा लावून तोफांच्या दिशेने सावकाश चालली आहेत. शेजारी नाला आहे, बांध आहे, झाडी आहे, तरी कुणी आडोसा घेत नाही. गनिमी काव्याच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या मराठी माणसाला हा सगळा प्रकार निव्वळ वेडेपणा वाटतो. पण मग महादजी शिंद्यांसारख्या मुरब्बी माणसाने दौलतीतला एवढा पैसा ओतून हीच रांग स्वतःच्या फौजेत का उभी केली?

उत्तर सैनिकाच्या हातातल्या बंदुकीत आहे. ती किती वाईट होती हे कळलं की बाकीच्या गोष्टी आपोआप जागेवर बसतात.

ही बंदूक ठासणीची, म्हणजे दारू आणि गोळी नळीच्या तोंडातून भरायची. आधीच्या तोड्याच्या बंदुकीत जळता तोडा, म्हणजे पेटती दोरी, रंजकाला (आग पेटवणाऱ्या चिमूटभर दारूला) लावावा लागे. अठराव्या शतकातल्या चकमकीच्या बंदुकीत घोड्याच्या, म्हणजे चापाने सुटणाऱ्या खटक्याच्या, जबड्यात गारगोटी बसवलेली असे. चाप ओढला की ती पोलादावर आपटायची, ठिणगी पडायची, कानातली (नळीशेजारच्या छोट्या वाटीतली) रंजक पेटायची आणि तिची आग बारीक छिद्रातून नळीतल्या दारूपर्यंत जायची. जळता तोडा गेल्यामुळे माणसं एकमेकांच्या अगदी जवळ उभी राहू शकली. हातात पेटती दोरी आणि शेजाऱ्याच्या कमरेला दारू असताना ते जमण्यासारखं नव्हतं.

भरण्याची रीत अशी: कागदी काडतूस दातांनी फोडायचं, त्यातली चिमूटभर दारू कानात घालायची, झाकण लावायचं, बंदूक उभी करून उरलेली दारू नळीत ओतायची, मागोमाग गोळी आणि कागद, मग गज काढून ठासायचं, गज पुन्हा जागेवर, घोडा पूर्ण चढवायचा, बंदूक खांद्याला आणि बार. काडतूस फोडताना तोंडात दारूचे कण जात. त्यात सोरा, म्हणजे खारटपणा, त्यामुळे दहा-पंधरा बारांनंतर घशाला कोरड पडायची. कवायतीत मुरलेला शिपाई मिनिटाला तीन बार काढी. गोंधळलेला गडी घाईत गज नळीतच विसरे आणि बारासोबत तोही उडवून देई. मग त्या दिवसापुरती त्याच्या बंदुकीची काठी झाली.

एवढं करून बार उडेलच याची खात्री नाही. १८३४ साली इंग्लंडात वूलिच इथे चकमकीची बंदूक आणि गारगोटीऐवजी स्फोटक भरलेल्या छोट्या टोपीने पेटणारी नवी टोपीची बंदूक यांची तुलना झाली. सहा हजार बारांत चकमकीची ९२२ वेळा फुसकी गेली, टोपीची फक्त ३६ वेळा. आणि ही चाचणी होती. समोरून कुणी मारत नव्हतं. पावसात तर विचारायलाच नको. प्लासीला १७५७ मध्ये सर आली तेव्हा इंग्रजांनी दारूवर ताडपत्र्या टाकल्या, नवाबाची दारू भिजली, आणि त्या एका सरीने लढाईचा तोल ढळला.

उडालेली गोळी तरी लागायची का? इंग्रजी बंदुकीची नळी आतून साधारण १९ मिलिमीटर, गोळी साधारण साडेसतरा. हा फरक मुद्दाम ठेवलेला होता. काळी दारू जळली की नळीत काजळीचा थर चढतो. गोळी घट्ट असती तर पाच-सात बारांनंतर ती आत उतरलीच नसती. भरणं सोपं झालं, पण नेम गेला. गुळगुळीत नळीत गोळी रुंद पाइपातून सोडलेल्या गोटीसारखी इकडेतिकडे आपटत बाहेर येई आणि शेवटचा धक्का ज्या बाजूला लागला तिकडे जाई. जॉर्ज हँगर नावाच्या इंग्रज कर्नलने १८१४ मध्ये लिहून ठेवलंय की ८० यार्डांवर माणूस टिपता येईल, फार तर १०० वर. दीडशे यार्डांवर नेम धरून मारलेली गोळी ज्याला लागेल तो फारच दुर्दैवी, आणि दोनशे यार्डांवरच्या माणसावर बार काढायचा तर तो चंद्रावर काढलात तरी फरक पडत नाही.

पण प्रशियन लष्कराने केलेली एक चाचणी याची दुसरी बाजू दाखवते. १०० फूट लांब आणि ६ फूट उंच पडदा उभारून त्यावर एका पलटणीने गोळीबार केला. २२५ यार्डांवरून चौथा हिस्सा गोळ्या पडद्याला लागल्या, १५० वरून ४० टक्के आणि ७५ वरून ६० टक्के. एका माणसाला टिपणं अवघड, पण माणसांच्या भिंतीला लागणं सोपं. म्हणजे शस्त्र कोणतं? एक बंदूक नव्हे. पाचशे बंदुका एकत्र उडतात ते शस्त्र. आडोसा घेऊन विखुरलेले पाचशे जण आपापल्या सवडीने बार काढतील, तर समोरच्यांना ते टोचतील पण थोपवणार नाहीत. तेच पाचशे जण एका हुकमावर पन्नास-साठ यार्डांवरून फैर झाडतील, तर समोरची रांग त्या एका क्षणात फाटते.

रांगच का, तर मागे उभ्या असलेल्याला पुढच्याच्या डोक्यातून मारता येत नाही. इंग्रज दोन ओळी करत, फ्रेंच तीन. दर माणसाला जागा जेमतेम दोन फूट. आणि एवढं चिकटून का, तर त्याचं कारण घोडा.

भरधाव घोडा शेवटचे शंभर मीटर बारा-पंधरा सेकंदांत तोडतो. बंदूक पुन्हा भरायला वीस सेकंद लागतात. म्हणजे घोडदळ अंगावर आलं तर एकच फैर मिळते, दुसरी नाही. ती फैर झाडल्यावर शिपायाच्या हातात काय राहतं? संगीन. सुरुवातीची संगीन नळीच्या तोंडात खुंटीसारखी ठोकायची असे, त्यामुळे ती लावली की गोळीबार बंद. १६८९ मध्ये स्कॉटलंडात किलिक्रँकीला सरकारी सैन्य संगिनी ठोकत असतानाच डोंगराळ टोळ्यांनी तलवारी घेऊन त्यांना कापून काढलं. त्यानंतर नळीबाहेर कड्याने बसणारी संगीन रूढ झाली. बंदूक आणि भाला एकाच हातात आले आणि वेगळे भालाईत ठेवायची गरज संपली. आता माणसं चिकटून चौकोन करून उभी राहिली तर चारी बाजूंना पोलादाचं कुंपण. माणूस कितीही शूर असो, घोडा असल्या कुंपणात शिरत नाही. तो वळतो किंवा थांबतो. फट सापडली तर मात्र शिरतो. म्हणून शेजारचा पडला की सरकून फट बुजवायची. कवायतीचा हा सगळ्यात क्रूर आणि सगळ्यात महत्त्वाचा धडा.

कवायत म्हणजे शिस्तीचं प्रदर्शन, असं आज आपल्याला वाटतं. त्या काळी ती यंत्रजुळणी होती. १५९०च्या दशकात नेदरलंड्समध्ये नासाऊच्या मॉरिसने बंदूक भरण्याचे टप्पे पाडून त्यांना हुकूम ठरवून दिले, तिथून हे सुरू झालं. पुढे प्रशियाने लाकडी गजाऐवजी लोखंडी गज आणला आणि ठासण्याचा वेग वाढला. इंग्रजांच्या १७९२च्या नियमावलीत साध्या चालीला मिनिटाला ७५ पावलं आणि जलद चालीला १०८. पाऊल ३० इंचांचं. हे आकडे ठरवावेच लागले. हजार माणसांची रांग शेतातून, ओघळीतून तीनशे मीटर चालत गेली आणि पावलं वेगवेगळी पडली, तर पोचेपर्यंत तिची नागमोड होते. मग अर्धे शिपाई आपल्याच माणसांच्या पाठीत मारतात. ढोल त्यासाठी होता. शिवाय भीतीने डोकं बंद पडलं तरी हात चालत राहावेत म्हणून तेच ते शेकडो वेळा घोटून घ्यायचं.

डगल्यांचा भडकपणा

काळी दारू जळली की निम्म्याहून जास्त भाग घन कणांच्या रूपात उरतो. त्यातला काही नळीत चिकटतो, बाकीचा धूर होतो. वारा नसेल तर तीन-चार फैरींनंतर पन्नास पावलांवरचं दिसत नाही. अशा धुक्यात आपले कोण आणि परके कोण हे सेनापतीला टेकाडावरून ओळखायचं असे. लपण्याचा प्रश्नच नव्हता, दिसण्याचा होता. म्हणून भडक रंग, म्हणून उंच निशाण. निशाण नजरेआड झालं की पलटण कुठे गोळा व्हायचं तेच विसरते, त्यामुळे निशाणासाठी माणसं जीव देत.

इंग्रजांनी लालच का निवडला? रक्त दिसू नये म्हणून, असं सांगितलं जातं, आणि ते खरं नाही. वाळलेलं रक्त लाल कापडावर काळपट डाग धरतं आणि चांगलंच दिसतं. १६४५ मध्ये पार्लमेंटने नवं सैन्य उभारलं तेव्हा लाल रंग घाऊक भावात स्वस्त पडला, हे खरं कारण. साध्या शिपायाचा लाल मंजिष्ठेच्या युरोपीय बहिणीपासून काढत. पाऊस-उन्हात तो विटकरी होई. अधिकाऱ्याचा झगझगीत शेंदरी लाल मेक्सिकोतल्या निवडुंगावर वाढणाऱ्या किड्यांपासून येई आणि महाग पडे. दुरून सगळे लाल, जवळून दर्जा कळतो. कॉलर आणि बाह्यांच्या घड्यांचा रंग पलटणीगणिक वेगळा. बटणावर पलटणीचा आकडा. पळून जाणाऱ्याला बटणंही विकता येत नसत, लगेच ओळख पटायची.

काही गोष्टींचं समर्थन मात्र मला कुठल्याच हिशेबाने करता येत नाही. गळ्याभोवती चामड्याचा ताठ पट्टा, जेणेकरून मान खाली जाऊ नये. केसांची वेणी घालून तिला चरबी आणि पीठ फासायचं. हा उद्योग इंग्रजी लष्कराने १८०८ मध्ये थांबवला. छातीवरचे पांढरे पट्टे रोज खडूसारख्या मातीने घासायचे. फावल्या वेळेत शिपायाचे हात रिकामे राहू नयेत, एवढाच यातला उपयोग.

हिंदुस्थानात कंपनीने वरचा अर्धा भाग युरोपीय आणि खालचा देशी अशी तडजोड केली: लाल डगला, खाली आखूड जांघ्या, पायात चपला किंवा काहीच नाही, डोक्यावर पगडीचा कुठला तरी प्रकार. ही तडजोड किती नाजूक होती ते वेल्लोरला दिसलं. मद्रास लष्कराने नवी पगडी काढली. ती गोऱ्यांच्या टोपीसारखी दिसे आणि तिच्यावर चामड्याचा तुरा होता. सोबत हुकूम: कवायतीला येताना कपाळावर गंध नको, कानात बाळ्या नकोत, दाढी काढा, मिशा ठरावीक बेताच्या ठेवा. नकार देणाऱ्यांना फटके मारले गेले. १० जुलै १८०६च्या रात्री वेल्लोरच्या किल्ल्यातल्या शिपायांनी गोऱ्या पलटणीवर हल्ला केला. किल्ल्यात टिपूची मुलं नजरकैदेत होती, त्यामुळे राजकारणही त्यात मिसळलेलं होतं. अर्काटहून घोडदळ आलं आणि बंड बुडवलं, शेकडो शिपाई मारले गेले. मग हुकूम मागे घेतले आणि गव्हर्नर बेंटिंक व सेनापती क्रॅडॉक दोघांनाही परत बोलावलं. वर्दी म्हणजे नुसतं कापड मानणाऱ्यांना हा महागाचा धडा होता.

अर्काटहून धावून आलेल्या त्या घोडदळात १९व्या लाइट ड्रॅगून्सचे स्वार होते. याच रेजिमेंटने तीन वर्षांपूर्वी आपल्या जालना जिल्ह्यात, असईला हल्ला चढवला होता. आता तिथे जाऊ.

शिंद्यांचे कंपू

मराठ्यांना कवायती पायदळाची किंमत उशिरा कळली, असं म्हणणं बरोबर नाही. फ्रेंच सेनानी बुसीच्या हाताखाली निजामाकडे तयार झालेला इब्राहिमखान गारदी पेशव्यांकडे आला आणि १७६१ मध्ये पानिपतावर त्याच्या पलटणींनी समोरच्या रोहिल्यांची दाणादाण उडवली. अडचण वेगळीच होती. बंदुकधारी रांग मिनिटाला पाऊणशे पावलं चालते, घोडदळाला तेवढा धीर नसतो. स्वार पुढे घुसले की तोफा आणि बंदुका गप्प बसतात, कारण मध्ये आपलीच माणसं आलेली असतात. पानिपतावर नेमकं हेच झाल्याचं इतिहासकार सांगतात. दोन वेगांच्या फौजा एका हुकमाखाली बांधणं हे पलटण उभी करण्यापेक्षा अवघड काम.

महादजींनी १७८४ मध्ये सव्हॉयच्या बेन्वा द ब्वान्यला चाकरीला घेतलं. त्याने दोन पलटणींपासून सुरुवात करून कंपू उभे केले: पायदळ, तोफखाना, घोडदळ, बैल, कारागीर, जखमींची सोय, सगळं एकत्र. आग्र्यात सँग्स्टर नावाचा स्कॉट तोफा ओतत आणि बंदुका बनवत होता. १७९० मध्ये राजपुतान्यात पाटण आणि मेडता इथे राठोडांच्या स्वारांचे हल्ले याच पायदळाने थोपवले. मेडत्याला राठोड तुटून पडले तेव्हा कंपूने चौकोन धरला आणि त्या कुंपणावर तो वेग वाया गेला.

कंपूचं खरं गुपित बंदुकीत नव्हतं, पगारात होतं. द ब्वान्यने दोआबातला मुलूख तोडून घेतला आणि त्याच्या वसुलातून दरमहा रोख वाटणी ठेवली. जहागिरीवर येणारा शिलेदार मृगाला घरी परततो. कवायती शिपाई बारमाही लागतो, नाहीतर कवायत विसरते. बारमाही माणूस म्हणजे बारमाही खर्च. हा हिशेब चुकला की काय होतं ते पुण्याने सोसलं. दौलतराव शिंद्यांच्या फौजेचे पगार थकले तेव्हा सर्जेराव घाटग्याने पुण्याच्या सावकारांना आणि रहिवाशांना छळून पैसा काढला.

असई, २३ सप्टेंबर १८०३

कंपनीचा सेनानी आर्थर वेलस्ली (पुढचा ड्यूक ऑफ वेलिंग्टन) याच्याकडे साधारण साडेचार हजार नियमित सैनिक, शिवाय म्हैसूरचं आणि मित्र सरदारांचं घोडदळ. समोर शिंदे-भोसल्यांचं अफाट घोडदळ, दहा हजारांच्या आसपास कवायती पायदळ आणि शंभराच्या घरात तोफा. पायदळाचा मुख्य अधिकारी हनोव्हरचा पोलमन. गंमत अशी की ही लढाई महाराष्ट्राच्या मातीत झाली, पण दोन्हीकडच्या रांगांत मराठी माणूस फारसा नव्हता. शिंद्यांच्या पलटणीत अवध, रोहिलखंड, दोआबकडचे पूरबी. कंपनीकडे मद्रासी शिपाई आणि दोन स्कॉटिश पलटणी.

शिंद्यांची फौज केळणा नदीच्या उत्तरेला, तोंड दक्षिणेकडे. मागे जुई नदी. वाटाड्यांनी सांगितलं की इथे उतार, म्हणजे नदी ओलांडण्याजोगी उथळ जागा, नाही. वेलस्लीला नदीच्या दोन काठांवर समोरासमोर दोन गावं दिसली, पिंपळगाव आणि वरूड, आणि त्याने ताडलं की एवढी जवळ दोन गावं असतील तर मध्ये उतार असणारच. तो तिथून पलीकडे आला आणि दोन नद्यांच्या बेचक्यात शिरला. जागा अरुंद, त्यामुळे समोरच्या घोडदळाला पसरायला वाव नाही. शिंद्यांच्या फौजेच्या डाव्या बगलेवर तुटून पडायचा त्याचा बेत होता.

पोलमनने मग जे केलं त्यावरून कंपूची कवायत कळते. हजारो माणसांची ती रांग त्याने काटकोनात फिरवली. वेलस्ली पोचेपर्यंत बगल नव्हतीच. समोर पुन्हा रांग आणि तोफा उभ्या होत्या. शत्रूच्या डोळ्यांदेखत रांग फिरवणं हे युरोपातल्या चांगल्या सैन्यालाही घाम फोडणारं काम. आपल्या पाठ्यपुस्तकांत या हालचालीला एक ओळसुद्धा मिळत नाही, याचं मला नेहमी नवल वाटतं.

त्यानंतर तोफांनी कत्तल मांडली. जवळून तोफेत गोळ्याऐवजी छर्ऱ्यांची डबी भरतात, त्यामुळे ती मोठ्या बंदुकीसारखी काम करते. चुकून असई गावाकडे सरकलेली ७४वी स्कॉटिश पलटण जवळजवळ संपली. उरलेल्यांनी प्रेतांचा आडोसा करून चौकोन धरला आणि १९व्या ड्रॅगून्सनी धाव घेऊन त्यांना सोडवलं. दुसऱ्या टोकाला ७८वी पलटण आणि मद्रासी शिपाई चालत राहिले, जवळ जाऊन एक फैर, मग संगीन. गोलंदाज तोफा सोडून हटले नाहीत. काही जण मेल्याचं सोंग घेऊन पडले आणि रांग पुढे गेल्यावर उठून तिच्या पाठीत बार काढू लागले. त्यांना पुन्हा मारावं लागलं. संध्याकाळपर्यंत ९८ तोफा इंग्रजांच्या हाती आल्या आणि त्यांची १,५८४ माणसं मेली, जखमी झाली किंवा बेपत्ता झाली होती. म्हणजे नियमित फौजेचा तिसरा हिस्सा. वॉटर्लू जिंकल्यानंतरही वेलस्ली सैन्याच्या संख्येच्या मानाने असईलाच आपली सगळ्यात रक्तबंबाळ लढाई म्हणत असे.

यावरून निघणारा नेहमीचा निष्कर्ष: मराठ्यांनी गनिमी कावा सोडला म्हणून हरले. मला तो पटत नाही. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला लासवारीत कंपनीचा सेनापती लॉर्ड लेकने शिंद्यांच्या शिपायांची झुंज पाहून त्यांची तोंडभरून स्तुती केली. पलटणी निकामी नव्हत्या. तुटली ती वरची कडी. द ब्वान्य गेल्यावर आलेला पेराँ लढाई सुरू होताच कंपनीला शरण गेला. कंपनीने जाहीरनामा काढून शिंद्यांच्या चाकरीतल्या इंग्रज अधिकाऱ्यांना फोडलं. जे उरले त्यांच्यावर दौलतरावांचा भरवसा राहिला नाही. कंपनीच्या पलटणीत कॅप्टन पडला तर लेफ्टनंट पुढे येई, खाली सुभेदार, जमादार, हवालदार, नाईक अशी उतरंड होती. शिंद्यांकडे पलटण होती, तोफ होती, शूर गोलंदाज होते. हुकूम देणारा मात्र कराराने आणलेला परका होता आणि करार मोडता येतो. आणि असईला अफाट घोडदळ नुसतं पाहत उभं राहिलं. पानिपतावर ते फार आधी धावलं होतं, इथे धावलंच नाही.

पुढे ही रांग गनिमी काव्याने नव्हे, नव्या बंदुकीने मोडली. टोपीमुळे बार फुसका जाणं जवळजवळ थांबलं. १८४९च्या सुमाराला फ्रेंच कॅप्टन मिन्येने लांबट, मागून पोकळ गोळी आणली. ती भरताना सैल आणि उडताना फुगून नळीच्या आतल्या पिळदार आट्यांत घट्ट बसायची. गोटीचा खेळ संपला. १८५३च्या एनफिल्ड रायफलने शेकडो यार्डांवरची रांग टिपता येऊ लागली, आणि तिच्याच चरबी लावलेल्या काडतुसांवरून १८५७ पेटलं. लाल डगल्याने मात्र आणखी तग धरला. इंग्रज सैन्य लाल डगले घालून शेवटचं मोठं झुंजलं ते सुदानात गिनिसला, ३० डिसेंबर १८८५ रोजी. तोवर पॅरिसमध्ये पॉल व्हिएय या रसायनशास्त्रज्ञाने धूर न करणारी दारू तयार केली होती.